डावीकडून दुसरी जागा

मामा, तुमचं चुकत होतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलतील ज्यांना बोलायचं ते. पण तुम्ही गेलात म्हणून नव्वी आणि चौकी हे काही चांगले पत्ते होत नाहीत. पहिल्या बोलणाऱ्यानं डाव वाढवला, की त्याच्या शेजारी दुसऱ्या जागेवर बसलेल्या माणसानं असले पत्ते हातात धरून "आलो" म्हणायचं नसतं. नसतं म्हणजे नसतं. इतकी वर्षं घसा कोरडा केला मी. तुम्ही दर वेळी तंबाखू मळत सगळं शांतपणे ऐकून घेतलंत, आणि पुढच्या डावाला परत "आलो".

काल रस्त्याची बैठक झाली. तुमच्या जागेवर मला बसवलं होतं. तुमच्या बांधाकडेची पट्टी रस्त्याला द्यायची का नाही, हे तुमच्या घरातर्फे मी बोलायचं, असं मामींनी ठरवलं. काय झालं ते सांगतोच. पण आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते एकदा पुरं बोलल्याशिवाय मला तिकडं जाता येत नाही.

बूड टेकत नाही मामा कुठं. दहाव्यापासून हे असंच चाललंय. कंपनीच्या बसमध्ये शिरूरपासून कोरेगाव भीमापर्यंत छान झोप लागायची, आता खिडकीबाहेर बघत बसतो आणि नंतर काय बघितलं ते आठवत नाही. घरी आलो की या खोलीतून त्या खोलीत. सुनीता म्हणाली, "अहो, बसा की जरा. फिरून फिरून फरशी झिजवाल." तिचा बाप गेलाय आणि ती मला सांभाळतेय, लाज वाटते. हेसुद्धा ओट्याशी उभं राहूनच लिहितोय. मध्येच फोन उचलतो, गुरुवारी किती वाजता निघायचं विचारायला तुमचा नंबर काढतो, आणि परत ठेवतो.

गुरुवार. माझ्या सुट्टीचा वार. सकाळी शिरूरहून निघायचं, निमोण्याला मामींच्या हातचं जेवायचं, आणि दुपारी मोटारीच्या खोलीपुढच्या चिंचेखाली पत्ते. हा खेळ तुमच्या रानात मीच आणला. माझ्या लाईनवर बिहारचा एक ऑपरेटर होता, जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला पोकर शिकवला. एकच गोष्ट सारखी घोकायचा, "भाईसाब, पत्ता बाद में, पहले जगह देखो." मी ते वाक्य डोक्यात घेऊन निमोण्याला आलो आणि तुम्हाला म्हणालो, मामा, तुमचं ते मेंढीकोट झालं आता जुनं, हे बघा काय आहे.

मामींनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पैशाचा जुगार माझ्या रानात न्हाई चालायचा." म्हणून चिंचोके. वर झाड, खाली चिंचोके, कमी पडले की फक्त वाकायचं. दत्तूतात्या तर हरायला लागला की तुमची नजर चुकवून बुडख्यातले वेचायचा आणि वर म्हणायचा, "ह्ये माझंच व्हतं, मघाशी पडलं."

खेळणारे सगळे एकाच वाटेचे. दिवसाची लाईट नसली की पाणी धरायचं काम नाही, म्हणून जमायचे. डांबरीला लागून रान असलेला तात्या, त्याच्या आत तुम्ही, तुमच्या आत सोपानराव, आणि त्याच्याही आतले दोघं-तिघं. शिवाय सुनीता. ती मेथी निवडता निवडता खेळायची आणि दहातले नऊ डाव पत्ते न बोलता पालथे टाकायची. दिवस संपताना सगळ्यात जास्त चिंचोके तिच्याच पदरात. तुम्ही म्हणायचा, "माझी लेक हाय, पर खेळती आईवानी."

हे वाचणाऱ्याला खेळ ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगतो, तुम्ही तोवर तंबाखू मळा. प्रत्येकाला दोन पत्ते, ते ज्याचे त्यानंच बघायचे. मग मध्ये पाच पत्ते उघडे पडतात, ते सगळ्यांचे. दोन्ही मिळून ज्याचा हात भारी, त्याचे चिंचोके. पण मधले पत्ते पडायच्या आधी एक फेरी बोलायची असते. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताचा माणूस पहिला बोलतो, मग त्याच्या शेजारचा, असं करत शेवटी वाटणारा. कुणी वाढवलं, की बाकीच्यांनी तेवढे चिंचोके टाकून यायचं, नाहीतर आणखी वाढवायचं, नाहीतर पत्ते टाकून मोकळं व्हायचं.

आता विचार करा. पहिला माणूस वाढवतो तेव्हा बाकी सगळे अजून बोलायचे असतात. तरी तो वाढवतो, म्हणजे त्याच्या हातात काहीतरी जबर असलं पाहिजे. आणि त्याच्या पाठोपाठ जो दुसरा "आलो" म्हणतो, तो दोन्हीकडून कात्रीत. पुढं जबर पत्तेवाला, मागं न बोललेली पाच माणसं. त्यातल्या एकानं आणखी वाढवलं की झालं. टाकलेले चिंचोके सोडा, नाहीतर आणखी टाका. म्हणून दुसऱ्या जागेवर एक तर खणखणीत पत्ते पाहिजेत, नाहीतर पालथे टाकायचे. एवढीशी गोष्ट आहे ही. लहान पोराला कळेल.

त्यात आपल्याकडं एक भलताच पायंडा पडला. वाटणारा दर डावाला बदलायचा असतो, म्हणजे चांगली-वाईट जागा सगळ्यांना फिरून येते. पण तुम्ही पहिल्या दिवशी जाहीर केलंत, "पाव्हणं वाटतील. जावयाच्या हाताला मान हाय." मी म्हटलं मामा, असं नसतं. तुम्ही म्हणालात, "आमच्यात असतंय." झालं. तेव्हापासून वाटणारा मी. माझ्या डाव्या हाताला तात्या, त्याच्या शेजारी तुम्ही, आणि कुणी जागा बदलायला तयार नाही, कारण तात्याला झाडाला टेकायचं असायचं आणि तुम्हाला तात्याजवळ बसायचं असायचं. म्हणजे तुम्ही कायमचे दुसऱ्या जागेवर, खेळातल्या अगदी वाईट जागेवर. आणि मी कायमचा शेवटी, सगळ्यात सोप्या जागेवर. वरून तुम्हीच चिडवायचा, "आमचं पाव्हणं समद्यांचं ऐकून घ्येत्यात आन् मग शाणं व्हत्यात."

तात्या दर दुसऱ्या डावाला वाढवायचा. मूठभर चिंचोके मध्ये फेकायचा, गुडघा हलवायचा आणि कुणाकडंच बघायचा नाही. आणि तुम्ही आपले पत्ते नीट बघायच्या आधीच, "आलो."

"मामा, काय पत्ते होते?" डाव संपल्यावर मी विचारायचो.

"नव्वी आन् चौकी."

"नव्वी-चौकीवर येतात का हो? त्यानं पहिल्या जागेवरून वाढवलंय. मागं आम्ही पाच जण आहोत."

"तात्या एकटाच व्हता की मधी."

"एकटाच असू द्या की! तो तुमच्या विरुद्ध खेळतोय."

"आसं कसं?" तुम्ही खरंच बुचकळ्यात पडायचा. "तात्या माझा भिडू हाय."

इथं माझं डोकं फिरायचं. तुमची चूक काय होती ते मला कळत होतं, म्हणूनच जास्त फिरायचं. पाटसला तुम्ही दोघं हंगामी होता कारखान्यावर, तेव्हापासून तुम्ही आणि तात्या मेंढीकोटात एकमेकांचे भिडू. मेंढीकोटात समोरचा तुमचा असतो. त्यानं हुकूम काढला की तुम्ही त्याच्या मागं उभं राहायचं, त्यानं हात मारला की तुम्ही त्याच्या अंगावर दस्सी टाकायची. त्या खेळात एकट्याचं असं काही नसतंच. ती सवय घेऊन तुम्ही पोकरला बसलात. मी म्हणायचो, मामा, इथं भिडू नसतो, इथं प्रत्येक जण एकटा. तुम्ही म्हणायचा, "समोर बसायचा तवा भिडू व्हता. आता शेजारी बसतोय, म्हंजी काय भिडू न्हाई?"

सुनीता मेथीच्या जुडीत तोंड खुपसून हसायची.

हरायचात तुम्ही. सपाटून हरायचात. मागून सोपानराव दुप्पट वाढवायचा, तात्या पत्ते टाकून मोकळा व्हायचा, आणि तुम्ही एकटेच चिंचोके घालत राहायचा. मी म्हणायचो, बघा, ज्याच्यासाठी आलात तो गेला पळून. तर तुम्ही तात्याकडं बघून हसायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा, मामा, अजून येतोय.

मग ते रस्त्याचं निघालं. पावसाळ्यात आतल्या लोकांचे हाल कुत्रं खात नाही. बांधावरून जेमतेम एक मोटारसायकल जाते, उसाची ट्रॉली रुतली की ट्रॅक्टरला ट्रॅक्टर जोडायचा, सोपानरावाचा कांदा डोक्यावरून डांबरीला आणायचा. डांबरीपासून आतपर्यंत बारा फुटी रस्ता करायचा, आणि ज्याच्या त्याच्या बांधाला ज्यानं त्यानं पट्टी सोडायची, असा विचार निघाला. तो काढला कुणी? तर तात्यानं. ज्याचं रान डांबरीला चिकटलेलं, ज्याला रस्त्याचा काडीचा उपयोग नाही त्यानं. चिंचेखाली पत्ते हातात धरून म्हणाला, "मी माझी पट्टी सोडतो." आणि तुम्ही श्वाससुद्धा न घेता, "तू दे, मी हाये."

पत्ते हातातच राहिले माझ्या. सोपानराव काही बोलला नव्हता, आतले त्या दिवशी आलेलेही नव्हते. मी तुम्हाला बाजूला, हौदाजवळ घेतलं. म्हटलं, मामा, हा खेळ नाही, जमीन आहे. आज तुम्ही पट्टी सोडली, तिथलं पीक काढलं, मुरूम टाकला, आणि उद्या सोपानराव नाही म्हणाला, तर रस्ता तुमच्या बांधावर येऊन थांबणार. ना तुम्हाला उपयोग ना कुणाला. किंवा तो म्हणेल बारा नको, जास्त द्या. मग काय कराल? आधी मागच्यांना बोलू द्या. सगळे हो म्हणाले की आपण म्हणू. त्यात काय वाईट आहे?

तुम्ही हौदात हात बुचकळलेत, तोंडावर पाणी मारलंत. म्हणालात, "तुम्ही दौंडची माणसं. गाडी फलाटाला लागल्याबिगर बाकावरनं उठायची न्हाई."

"मामा, चेष्टा नका करू."

"चेष्टा न्हाई ओ. बोलू. म्होरल्या गुरुवारी बोलू निवांत. आता पत्ते वाटा, समदी खोळंबल्यात."

पुढचा गुरुवार आला तेव्हा चिंचेखाली कुणी नव्हतं. सगळे तुमच्या ओट्यावर बसले होते. दवाखाना, धावपळ, कोण कुठं होतं, ते मी लिहीत नाही. ते लोकांनी एकमेकांना इतक्यांदा सांगितलंय की ऐकतानासुद्धा अंगावर येतं. मी एवढंच म्हणतो की निवांत बोलू म्हणाला होतात, आणि असं कुणी उठून जातं का मध्येच?

दहाव्याला मात्र हसू आलं, खोटं कशाला बोलू. नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय ते ओळखून शब्द द्यायचा असतो. सगळे तयारीत होते. कुणी मामींना सांभाळू म्हणणार होतं, कुणी गाईचं बघू म्हणणार होतं, मीसुद्धा मनात काहीतरी जुळवत होतो. हात जोडायच्या आधीच कावळा धपकन उतरला आणि घास घेऊन गेला. काही ऐकून घेणं नाही, थांबणं नाही. सुनीता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आमचे आण्णा बघा. आले पण." रडत होती आणि हसत होती. तात्या तेवढा पलीकडं तोंड करून उभा होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी रजा टाकून निमोण्याला आलो. मामी ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. मी उभाच. म्हटलं, मामी, माझं मत आहे थांबावं. मागचे काय म्हणतात ते बघून बोलावं. सुनीताचंही तेच आहे. जमीन आता तुमची आणि तिची, मी नुसता बोलणारा.

"त्यांनी तात्याला शब्द दिला व्हता," मामी म्हणाल्या. "पर तो त्यांचा. त्यांना काय, कुणी बी काय बी बोललं की हे निघालं मागनं. तुमच्या येळंला बी त्येच."

"माझ्या वेळेला?"

"तुम्ही बघायला आला व्हता तवा."

मामा, मला तो दिवस असा आठवतो की पोह्यांत मीठ जास्त होतं आणि मला घाम फुटला होता. दौंडहून माझे वडील आले होते, चुलते आले होते. सगळे गोड बोलत होते. मला राहवलं नाही. मी मध्येच म्हणालो, मी कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, पर्मनंट होईन का माहीत नाही, उद्या काढूही शकतात, पण मुलगी मला पसंत आहे. वडिलांनी मान खाली घातली. चुलते छताकडं बघायला लागले. तुमचे थोरले भाऊ घसा खाकरून "कळवतो आम्ही" म्हणणार तोच तुम्ही बोललात, "आमचं हाय." थोरल्यांच्या आधी, मामींना न विचारता. मला वाटलं होतं, माझा खरेपणा तुम्हाला आवडला. लग्नानंतर कितीतरी वर्षं मनातल्या मनात मी त्याचा तोरा मिरवला.

"मी चांगली भांडले त्या दिशी," मामी सांगत होत्या. "म्हणलं, पोराच्या नोकरीचा पत्ता न्हाई, एवढी काय घाई झाली व्हती? तर म्हणले, ते पोरगं एकटंच बोलत व्हतं गं. बाप गप, चुलता गप. बघवंना मला." मामींनी लसणाच्या पाकळ्या सुपात टाकल्या. "आता ह्याला काय म्हणावं?"

मी उठलो, म्हणजे उभाच होतो, बाहेर गेलो. चिंचेपर्यंत गेलो आणि परत आलो. परत गेलो. माझा संसार, माझी सुनीता, हे सगळं तुमच्या एका नव्वी-चौकीवर उभं आहे, आणि मी दर गुरुवारी तुम्हाला शिकवत होतो की असं यायचं नसतं. तुम्ही एकदा तरी म्हणायचं ना, अहो पाव्हणं, तुम्ही कसे आलात ह्या घरात? एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं. पण नाही. तंबाखू मळत ऐकून घेत राहिलात. मला आभार मानायची संधी दिली नाहीत, आणि आता मानतो तर ऐकायला तुम्ही नाही. ही कुठली पद्धत?

तरीसुद्धा, मामा, बैठकीला मी थांबायचं ठरवूनच गेलो. हे नीट ऐका. मन भरून आलं म्हणून जमीन देता येत नाही.

डेअरीच्या शेडमध्ये सतरंजी टाकली होती. बसायला सांगताना कुणीतरी म्हणालं, रानाच्या क्रमानं बसा म्हणजे बोलायला सोपं. तात्या पहिला. त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी बसलो. माझ्या पलीकडं सोपानराव, मग आतले. सुनीता मागं, दुधाच्या कॅनपाशी उभी. आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्या जागेवर बसलो, आणि खरं सांगतो, पाठ उघडी पडल्यासारखी वाटते हो तिथं. मागची माणसं दिसत नाहीत, नुसती जाणवतात.

ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणाले, "हां तात्या, करा सुरुवात. तुमचाच इचार हाय."

तात्या बोललाच नाही.

गुडघा हलत होता त्याचा. टोपी काढून मांडीवर ठेवली. सदस्य परत म्हणाले, "बोला की." तात्या सतरंजीकडं बघत राहिला. मागं कुजबुज सुरू झाली. सोपानराव म्हणाला, "आता ह्योच मागं सरला तर आमचं काय बोलायचं राहिलं? चला." एक जण तर उठायलाही लागला. मी मनात म्हटलं, सुटलो. पहिल्यानंच पत्ते टाकले, आता आपल्याला हो म्हणायला नको आणि नाही म्हणायलाही नको.

तेवढ्यात तात्यानं मान वळवून माझ्या जागेकडं बघितलं. माझ्याकडं नाही मामा, जागेकडं. माझ्या खांद्याच्या थोडं खाली, तुम्ही वाकून बसायचात तिथं. दर दुसऱ्या डावाला मूठभर चिंचोके फेकणारा, कुणाकडं न बघणारा तात्या. चिंचेखाली त्यानं कधी मान वळवली नव्हती, कारण तिथं कोण आहे ते त्याला माहीत असायचं.

मी मागं बघितलं. सुनीतानं माझा चेहरा ओळखला असणार. ती, जी दहातले नऊ डाव टाकून देते, ती कॅनवरचा हात काढून म्हणाली, "बोला की मग."

मी तात्याकडं सरकलो. म्हणालो, "तात्या, तुम्ही बोला. आमी हाये." हे असंच आलं तोंडातून, तुमच्यासारखं. दौंडच्या माणसानं आमी हाये म्हणायचं म्हणजे हसण्यासारखंच, पण कुणी हसलं नाही.

तात्यानं टोपी घातली. "मी माझी पट्टी सोडतो," म्हणाला.

"आलो," मी म्हणालो.

आणि मग काय झालं माहितीये? सोपानराव म्हणाला, "बारा फुटानं काय व्हतंय? ऊसतोडीचं मशीन आणायचं म्हणलं तर पंधरा पाहिजे. तुम्ही पंधरा सोडा, मग मी बी सोडतो." हेच! हेच मी हौदाजवळ बोंबलून सांगत होतो तुम्हाला! दुसऱ्यानं "आलो" म्हणायचं, आणि मागच्यानं वाढवायचं. मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं की मी नुसता बसून राहिलो. तुम्हाला म्हणावंसं वाटलं, बघा, झालं का नाही मी म्हणालो तसं? बघायला तुम्ही नव्हता. सुनीताच मागून म्हणाली, "पंधरा तर पंधरा." तात्या म्हणाला, "माझं बी पंधरा." आतल्यातले दोघं हो म्हणाले. एक जण पुण्याच्या भावाला विचारून सांगतो म्हणाला. शेवटचा धारेची वेळ झाली म्हणून उठून गेला, त्याचं काय ते कळलंच नाही. तेव्हा रस्ता आतपर्यंत होईल का मध्येच कुणाच्या बांधावर येऊन अडेल, हे अजून कुणालाच माहीत नाही. मी बरोबर होतो का तुम्ही, ते कालसुद्धा ठरलं नाही.

परत येताना तात्या माझ्याबरोबर बांधावरून चालत होता. मी विचारलं, "तात्या, एक सांगा. चिंचेखाली तुम्ही एवढं वाढवायचात, तेव्हा काय पत्ते असायचे हो तुमच्याकडं?"

तो थांबला. "पत्ते?" म्हणाला. "माझ्याकडं कवाच काय नसायचं पाव्हणं. तुमचा सासरा बसलेला असायचा की शेजारी."

मग तो पुढं निघून गेला, डोळ्याला टोपी लावत. त्या बिहारच्या ऑपरेटरनं मला हे शिकवलं नव्हतं.

या गुरुवारी डाव मांडायचा म्हणतोय. मामी हो म्हणाल्या, फक्त म्हणाल्या, आधी झाडून घ्या, पाला फार पडलाय. सगळ्यांना फोन केले. वाटायला सुनीताला सांगितलंय. "जावयाच्या हाताचा मान?" तिनं विचारलं. म्हटलं, तो मान आता तुझ्याकडं. तात्या झाडाला टेकून बसेल, मूठ भरून चिंचोके फेकेल, त्याच्याकडं काही नसेल, आणि माझ्याकडंही नसेल, आणि मागून सोपानराव आम्हा दोघांना धुऊन काढेल. तुमचं चुकतच होतं मामा, माझं मत बदललेलं नाही. पण आता जरा सरकून बसा, मला तिथं बसायचंय.